नवतप्यात ताणलेला पत्रा

रायपूरच्या आमच्या बूढापारा मोहल्ल्यातल्या गल्लीत मला अजूनही काही लोक ‘पत्र्याची ज्योतिषीण’ म्हणतात. हे नाव कोणी ठेवलं ते उघड झालेलं नाही, पण माझा पक्का संशय आमच्या ह्यांच्यावर आहे. लग्नानंतर नागपूरच्या नातेवाइकांनी विचारलं, “सूनबाई कारखान्यात काय करते?” तर हे म्हणाले, “पत्रा वाकडा होईन का सरळ राहीन, ते आधीच सांगून देते.” झालं! पुढच्याच आठवड्यात एक मावशी मुलीची कुंडली घेऊन दारात हजर. मी म्हटलं, “मावशी, मले लोखंडाचं समजते, माणसाचं नाही.” त्या रागावून गेल्या त्या गेल्याच.

पण नाव तसं खोटं नाही. आयुष्यभर मी भविष्यच सांगितलं. पातळ पत्र्याला वेल्डिंग करायच्या आधी, तो कुठं फुगेल, कुठं बसेल, किती पिळेल आणि त्याच्या पोटात किती ताण अडकून राहील, हे कॉम्प्युटरवर गणित मांडून सांगायचं, हा माझा धंदा. ज्योतिष्याचं चुकलं तर तो ग्रहांवर ढकलून मोकळा होतो. माझं चुकलं तर पत्रा सगळ्यांसमोर वाकडा होऊन पडलेला असायचा. लपवायची सोयच नाही! आणि खरं सांगू? तेच मला आवडायचं. निवृत्त झाले तरी रस्त्यात कुठं वेल्डिंगचा निळा उजेड दिसला की माझे पाय थांबतात. हे पुढे निघून जातात आणि मग चौकातून हाका मारत बसतात.

मी रायपुरातच वाढले. वडील मूळचे वर्ध्याकडचे, रेल्वेच्या नोकरीसाठी इकडे आले आणि इकडचेच झाले. शहराबाहेर कारखान्यांचा जो पट्टा आहे, तिथं आमचा मध्यम आकाराचा कारखाना होता. टाक्या, दारं, बसचे सांगाडे, पत्र्याचं जे म्हणाल ते तिथं व्हायचं. मालकांना सगळे सेठजी म्हणायचे. मनानं प्रेमळ, पण आवाज असा की त्यांनी नुसता चहा मागितला तरी नव्या माणसाला वाटावं, आपली नोकरी गेली. माझाही स्वभाव तापट. आमची दोघांची भांडणं ऐकायला म्हणे दुसऱ्या शेडमधली माणसं मशीन बंद करायची.

आधी पत्रा म्हणजे काय चीज आहे ते सांगते, नाही तर पुढचं सगळं डोक्यावरून जाईल. आमच्याच पाऱ्यातल्या, म्हणजे मोहल्ल्यातल्या, एका मिठाईवाल्या भैयांनी बर्फीसाठी मोठं ताट बनवून घेतलं होतं, चारी बाजूंनी काठ वेल्ड केलेलं. दोन दिवसांत ताट घेऊन परत आले. म्हणाले, “मैडम, इस थाली में भूत है।” मी म्हटलं, दाखवा तुमचं भूत. त्यांनी ताटाच्या मध्यावर बोट दाबलं. टण्ण! मधला फुगवटा खाली गेला. बोट काढून कोपऱ्यावर दाबलं, तर पुन्हा टण्ण करून वर आला. रात्री दुकान बंद केल्यावर गारव्यानं तो आपोआप वाजायचा आणि आतला नोकर घाबरून बाहेर झोपायचा. भूत कसलं डोंबलाचं! काठ वेल्ड केल्यावर ते आटले, आणि मधल्या पत्र्याला पुरेशी जागाच उरली नाही. सपाट बसता येईना, म्हणून तो एकदा वर, एकदा खाली. मी मधोमध हलकासा खोलगटपणा देऊन त्याला एका बाजूला कायमचं बसवलं. भैया खूश झाले, तरी ताटाला लिंबू-मिरची बांधूनच घेऊन गेले.

बायकांना हे पटकन समजतं. साडीला नवा फॉल लावायच्या आधी आपण तो पाण्यातून काढतो. का? कारण न भिजवता लावला तर पहिल्या धुण्यात फॉल आटतो, साडी आटत नाही, आणि सगळा काठ चुणतो. वेल्डिंगचंही अगदी तेच. जिथं जोड मारतो तिथला धातू वितळतो, फुलू पाहतो, पण आजूबाजूचा थंड पत्रा त्याला फुलू देत नाही. मग तो थंड होताना मूळच्यापेक्षाही आखूड होतो आणि शेजाऱ्याला ओढतो. जाड प्लेट असेल तर ती ही ओढ सहन करते. पातळ पत्रा नाही करत. तो चुणतो.

आता मूळ गोष्टीवर येते.

छत्तीसगड हे नवीन राज्य झालं, आमचं रायपूर राजधानी झालं आणि जिकडेतिकडे नुसती धूम उडाली. तेलीबांधा तलावाच्या पलीकडे जिथं मी धानाची शेतं पाहिली होती, तिथं रुंद रस्ते आणि क्रेन दिसू लागल्या. नव्या राजधानीतल्या एका इमारतीच्या दर्शनी भिंतीचं काम आमच्याकडे आलं. संपूर्ण भिंत स्टेनलेस स्टीलची, आरशासारखी चकचकीत. पुढे पातळ पत्रा आणि पत्र्याच्या पाठीला आधाराच्या पोलादी पट्ट्या वेल्ड केलेल्या, असं एकेक पॅनेल. आम्हाला आनंदाचं भरतं आलं. आपल्या हातचं काम नव्या राजधानीत उभं राहणार, अख्खं राज्य ते पाहणार! सेठजींनी पेढे वाटले.

पहिली पॅनेलं तयार झाली आणि इमारतीचे आर्किटेक्ट पाहायला आले. ते पॅनेलसमोर उभे राहिले, डावीकडे सरकले, उजवीकडे सरकले आणि म्हणाले, “याच्यात मला दोन नाकं दिसतायत.” आम्ही सगळे धावलो. खरंच! पाठीमागं जिथं जिथं पट्टी होती, तिथं पुढे लाट. त्या लाटेत माणसाचं तोंड लांबोडकं व्हायचं, मान गायब व्हायची. आर्किटेक्ट शांतपणे म्हणाले, “उद्घाटनाला येणारा प्रत्येक पाहुणा आधी स्वतःला यात पाहणार आहे. विचार करा.”

ते गेले आणि सेठजींचा गडगडाट सुरू झाला. तो पडला थेट सुखरूवर.

सुखरू आमचा सगळ्यात जुना वेल्डर. अभनपूरकडच्या गावचा. बोलायला कमी, ‘हव’ म्हणजे हो आणि ‘नइ’ म्हणजे नाही, एवढ्यात त्याचं बहुतेक भागायचं. पण त्याचा जोड पाहायला दुसऱ्या कारखान्यातले लोक यायचे, असा त्याचा हात. या धंद्यात एक जुना रिवाज आहे, पत्रा वाकला की दोष वेल्डरच्या हाताचा. डॉक्टरांनी औषध बदलावं तसा वेल्डर बदलायचा. सेठजी सगळ्यांसमोर म्हणाले, “सुखरू, तेरा हाथ गया।” आणि त्यांनी गुजरातेतून पातळ पत्र्याचं काम करणाऱ्या वेल्डरांची टोळी बोलवायचं ठरवलं. टोळी मे-अखेरचा कडक उन्हाचा नवतपा संपला की येणार, आणि सुखरूनं तोवर खिडक्यांच्या जाळ्या आणि फाटकं करायची.

त्या दिवशी दुपारी मी पाहिलं, तो डबा न उघडता बसला होता, दोन्ही हात पुढे धरून. मला म्हणाला, “मैडम, मोर हाथ सिरतोन बिगड़ गे हे का?” माझा हात खरंच बिघडला का, असं तो मला विचारत होता! ज्या माणसाला आयुष्यात आपल्या हाताचाच काय तो भरवसा, त्याला तोही वाटेनासा झाला होता. मला इतका राग आला, इतका राग आला, की मी तशीच सेठजींच्या केबिनमध्ये शिरले.

“सेठजी, हात ब्रह्मदेवाचा असला तरी हा पत्रा असाच वाकणार.”

“साबित करो।”

“करते!”

करते म्हटलं खरं, पण आता करणं भाग होतं. पत्र्याची जाडी, पट्ट्यांचं अंतर, मशीनचा करंट, वेल्डिंगच्या टॉर्चची चाल, सगळं गोळा करून मी गणित मांडलं. त्या काळातला आमचा कॉम्प्युटर म्हणजे असा की गणित घालून घरी यायचं आणि दुसऱ्या दिवशी जाऊन पाहायचं, जगला की मेला. अखेर पडद्यावर लाटांचं चित्र उमटलं. मी एक कोरा, सपाट पत्रा घेतला आणि त्यावर खडूनं काढून ठेवलं: इथं फुगेल, इथं बसेल, हा कोपरा उचलेल. सेठजींना बोलावलं. सुखरूला म्हटलं, मार टाके.

पट्ट्या लागल्या, पत्रा थंड झाला, शिकंजे सोडले. टण्ण! टण्ण! जिथं जिथं खडू होता तिथं तिथं लाट उठली. कोपरासुद्धा खडूच्या रेघेपाशीच उचलला! मी टाळ्या वाजवत ओरडले, “बिघडला! बिघडला!” शेडमधली माणसं धावत आली. एवढ्या महागाचा पत्रा वाया गेला आणि ही बाई नाचून राहिली! पण मला आवरेना. पोलादाच्या पोटातली गोष्ट मी आधी सांगितली होती आणि पोलाद माझ्याशी खरं वागलं होतं. असा आनंद मला परीक्षेचा निकाल लागला तेव्हासुद्धा झाला नव्हता.

सेठजींनी खडूच्या रेघांवरून बोट फिरवलं. मग म्हणाले, “मैडम, बिगड़ेगा ये तो मैं भी बोल रहा था। सीधा कैसे होगा, वो बताओ। नहीं तो गुजरात वाले आ रहे हैं।”

माणूस बोलतो कधीकधी मर्मावर! माझा सगळा नाच तिथंच उतरला. बिघाड हाताचा नाही हे दाखवून सुखरूचं काही भलं होणार नव्हतं. पत्रा सरळ झाला तरच तो वाचणार होता.

मी पुन्हा गणिताला बसले. उपाय सापडायला वेळ लागला नाही, उपाय करण्याजोगा नव्हता एवढंच. पत्रा गरम असताना आणि पट्ट्या थंड असताना टाके मारले, तर नंतर पत्रा निवताना आखडतो, पट्ट्या त्याला आखडू देत नाहीत, आणि तो ढोलकीच्या कातड्यासारखा ताणून बसतो. चुणायला ढील उरतच नाही. फॉल आधी भिजवायचा तसा इथं पत्रा आधी तापवायचा. फार नाही, हात ठेववणार नाही इतपतच. पण सगळीकडे सारखा. आणि अख्खं पॅनेल मावेल अशी भट्टी रायपुरात नव्हती. गॅसच्या शेगड्या लावून पाहिल्या, तर पत्रा एकीकडे लाल आणि दुसरीकडे गार. मी वैतागून स्कूटर काढायला बाहेर आले आणि सीटवर हात टेकला.

आई गं! हात भाजला.

मी तिथंच उभी राहिले. मे महिना, रायपूरचं ऊन. स्कूटरची सीट तापलेली, शेजारच्या पत्र्याच्या थप्पीवरून हवा थरथरत होती. त्या थप्पीला मी तळहात लावला आणि लगेच काढला. आणि मग हसायलाच लागले. भट्टी कुठं शोधत होतो आम्ही? भट्टी तर डोक्यावर पेटलेली होती, अख्ख्या छत्तीसगडला पुरेल एवढी!

मी धावत आत गेले. “सेठजी, नवतप्यात अंगणात वेल्डिंग करायचं. भर दुपारी.”

ज्यांना नवतपा माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते. सूर्य रोहिणी नक्षत्रात आला की पहिले नऊ दिवस म्हणजे नवतपा. तेव्हा आमच्याकडे दुपारी रस्ते ओस पडतात, दुकानांचे पडदे खाली येतात, आणि जो बाहेर दिसेल तो एक तर वेडा, नाही तर लगीनघरचा. सेठजींनी माझ्याकडे पाहून पंख्याचा वेग वाढवला. त्यांना वाटलं, मला लू लागली, ऊन बाधलं.

घरी ह्यांनीही तेच. “तुले कळते का काही? नवतप्यात कुत्रं दाराबाहेर पडत नाही, आन तू भट्टी पेटवून राहिली!”

“पेटवून नाही राहिली. पेटलेली आहे, वापरून राहिली.”

“मंग कांदा तरी घेऊन जाय खिशात, लू लागत नाही.”

“साडीले खिसा असते का?”

तरी दुसऱ्या दिवशी माझ्या पर्समध्ये कांदा निघालाच.

सुखरूला मी सांगितलं तेव्हा त्यानं एकच प्रश्न विचारला, “सीधा होही?” होईल का सरळ? मी म्हटलं, गणित म्हणते होईल. “हव,” म्हणाला.

नवतपा लागला. क्रेननं मोठं सपाट टेबल अंगणात आणलं, त्यावर चरे पडू नयेत म्हणून जाड लोकरी नमदा अंथरला आणि पत्रा चकचकीत बाजू खाली करून ठेवला. पाठीची बाजू मळकट असते, ती ऊन पिते. पट्ट्या मात्र शेडच्या सावलीत, ओल्या गोणपाटात गुंडाळलेल्या. एकेक पट्टी बाहेर काढायची, कोरडी पुसायची, धावत आणायची, शिकंज्यात आवळायची आणि ती तापायच्या आत सुखरूनं टाके मारायचे. डोक्याला ओला गमछा, वर वेल्डिंगचा मुखवटा, पोटात सकाळची बासी, म्हणजे आमच्याकडे उन्हाळ्यात खातात तो पाण्यातला रात्रीचा भात. मी तापमानाचा खडू घेऊन पत्र्याभोवती फिरत होते. हा खास खडू असतो, ठरावीक तापमानाला वितळतो. खडू वितळला की मी ओरडायची, “लाव!” लोक पट्टी घेऊन पळायचे, सुखरू वाकायचा, निळा उजेड पडायचा. काय लय लागली होती म्हणून सांगू! घाम वाहत होता, चप्पल डांबराला चिकटत होती आणि मला आयुष्यात इतकी मजा कधी आली नव्हती.

निम्म्या पट्ट्या लागल्या. सुखरूचे डोळे लाल झाले होते. मी म्हटलं, आत या, पन्हं प्या, पत्रा तर तापतच राहणार आहे. आम्ही कॅन्टीनमध्ये गेलो. पन्हं घेतलं, तोंडं धुतली, बाहेर आलो.

बाहेर मांडव!

लाल-पिवळ्या कापडाचा, झालरवाला, लग्नाचा मांडव. थेट आमच्या टेबलावर. मांडववाला शेवटची दोरी आवळत होता आणि शेजारी सेठजी कमरेवर हात ठेवून कौतुकानं पाहत होते. “देखो मैडम, आप लोग धूप में जल रहे थे। मुझसे देखा नहीं गया।”

मी पत्र्यावर हात ठेवला. ठेववत होता! खडू ओढला, कोरडी रेघ उमटली. अर्धं पॅनेल तापलेल्या पत्र्यावर जोडलेलं आणि उरलेलं आता गार पत्र्यावर जोडायचं, म्हणजे अर्धा पत्रा ताठ आणि अर्धा ढिला. मधोमध अशी लाट येईल की तिच्यापुढे आधीच्या लाटा बऱ्या.

मी ओरडलेच. “सेठजी! अहो, ऊन हीच माझी भट्टी आहे! तुम्ही माझ्या भट्टीवर पाणी ओतलंत! काढा आधी हा मांडव!”

सेठजींचा चेहरा पडला. मांडववाला मध्येच म्हणाला, “मैडम, चढा हुआ मंडप ऐसे नहीं उतारते। अपशकुन होता है।”

“अपशकुन तुझा मांडवच आहे!” म्हणत मी एक दोरी ओढली. गाठ पक्की, सुटेना. पश्चिमेला क्षितिजावर मातकट ढग चढत होता. नवतप्यात संध्याकाळी कधीकधी अंधड येतं, धूळ आणि वारा घेऊन. ते आलं की ऊन गेलं, आणि उद्यावर ढकलायचं तर अर्धं लागलेलं पॅनेल रातभर निवून हातचं जाणार. सुखरू टेबलाजवळ उभा होता. त्यानं मुखवटा खाली ठेवला नव्हता.

सेठजींनी त्याच्याकडे पाहिलं, आकाशाकडे पाहिलं. मग त्यांनी धोतर खोचलं आणि खांबावर स्वतः चढले. हो, आमचे सेठजी! एवढं मोठं पोट घेऊन! “पाप लगेगा तो मेरे को लगेगा,” असं काहीतरी ओरडत त्यांनी वरची गाठ सोडली आणि अख्खं कापड भसकन त्यांच्याच अंगावर आलं. झालरीखालून त्यांचा आवाज येत होता, “मुझे छोड़ो! पत्रा देखो!”

पत्रा पुन्हा तापेपर्यंतचा तो वेळ मला जन्मात विसरता यायचा नाही. मी खडू ओढत राहिले, ढग चढत राहिला. शेवटी खडू ओला झाला. “लाव!” मी किंचाळलेच. पट्टी आली, टाके पडले. पुढची. त्याच्या पुढची. गोणपाट ओले करायला सेठजी स्वतः बादल्या आणत होते. शेवटच्या पट्टीचा शेवटचा टाका पडला आणि पाठोपाठ पहिली धूळ आमच्या डोळ्यांत गेली.

वारा सुटला, ऊन गेलं, पत्रा निवू लागला. आम्ही सगळे शेडच्या कडेला गमछे तोंडाला लावून उभे. सगळे त्या ‘टण्ण’ची वाट पाहत होते. मी गणित केलेलं, मला ठाऊक होतं येणार नाही, तरी माझेही कान तिकडेच. वारा थांबला. शिकंजे सोडले. एक. दोन. सगळे.

काही वाजलं नाही.

पॅनेल उभं केलं. सुखरूनं बोटाच्या पेरानं ठोकलं, तर ढोलकी घुमावी तसा घट्ट आवाज. सेठजी पुढे आले, पत्र्यासमोर उभे राहिले, मिशीवरून हात फिरवला, डावीकडे सरकले, उजवीकडे सरकले. एक नाक. एकच! “एक है!” ते गरजले, आणि मग जो गलका झाला! मांडववालाही नाचत होता. मी सुखरूकडे वळले तर तो गमछ्यात तोंड घालून रडत होता, आणि मीही रडायला लागले, कशाला लपवू? सेठजींनी तिथूनच गुजरातला फोन लावला. “मत आओ भाई, हमारे यहां आदमी है।”

उरलेला नवतपा आणि त्यापुढचं सगळं ऊन आम्ही असं वापरलं. जगात सगळे पावसाची वाट पाहत होते आणि आमचा कारखाना म्हणत होता, अजून थोडं थांब बाप्पा! भिंत वेळेवर उभी राहिली.

मग कौतुकाचे दिवस आले. दुसऱ्या कारखान्यांचे मालक, इंजिनियर, सगळे अंगणातलं वेल्डिंग पाहायला येऊ लागले. मी त्यांना उत्साहानं तेच समजावायची जे सेठजींना समजावलं होतं: हाताचा काही संबंध नाही, सगळा खेळ ताणाचा. सेठजी त्यात भर घालायचे. एकदा बऱ्याच पाहुण्यांसमोर ते म्हणाले, “अब तो कोई भी वेल्डर बिठा दो। सब धूप और कम्प्यूटर का कमाल है।” सगळे हसले. मीही हसले.

पाहुणे चहाकडे वळले तेव्हा सुखरू माझ्याजवळ आला. “मैडम, एक ठन बात पूछंव?”

“पूछ ना.”

“बिगड़िस त हाथ के दोस नइ रिहिस। त बनिस त हाथ के जस घलो नइ हे का?”

बिघडलं तेव्हा दोष हाताचा नव्हता. मग जमलं तर त्याचं यशही हाताचं नाही का? तक्रार म्हणून नाही, खरंच कळत नाही म्हणून विचारत होता. मी त्याचा हात दोषातून सोडवायला निघाले होते, आणि सोडवता सोडवता तो हातच गायब करून टाकला होता.

“आण ती टॉर्च,” मी म्हटलं.

टाकाऊ पत्र्याचा एक तुकडा उन्हात तापत पडला होता. त्यावर पट्टी ठेवली, मुखवटा चढवला. मशीन सुखरूनं लावलं होतं तसंच. पाहुणे कप घेऊन जवळ आले, मैडम स्वतः वेल्डिंग करणार! आर्क पेटला, माझा हात किंचित अडखळला आणि पत्र्याला रुपयाएवढं भोक पडलं. पुढे सरकवला, तर दुसरं.

“अरे मैडम, ये क्या?” सेठजी.

मी मुखवटा वर केला. “सेठजी, ऊन तेच. मशीन तेच. गणित तर माझंच! आता भरा ही भोकं ऊन आणि कॉम्प्युटरनं.”

कोणी हसलं नाही. मग मी सुखरूला सांगितलं, सगळ्यांना ऐकू जाईल असं. माझ्या गणितात टॉर्च या टोकापासून त्या टोकापर्यंत एकाच चालीनं जाते, कुठं थबकत नाही, कुठं घाई करत नाही. ती चाल मी कुठल्या पुस्तकातून घेतलेली नाही. घड्याळ घेऊन तुझ्या शेजारी उभी राहिले आणि तुझी चाल पाहून ती मांडली. तू नसलास तर माझं गणित या भोकातून खाली पडते.

सुखरू भोकांकडे पाहत राहिला. मग त्यानं माझ्या हातातून टॉर्च घेतली, उकिडवा बसला आणि भोक कडेकडेनं भरत आणू लागला. पातळ पत्र्यातलं भोक भरणं हे काय काम असतं ते धंद्यातल्यालाच ठाऊक. पाहुणे चहा विसरून वाकले.

मग सेठजी पाहुण्यांना म्हणाले, “ये सुखरू है। वो जो दीवार देख के आए न आप लोग, इसके हाथ की है।”